कृष्णेचं जादा पाणी: वाटपाच्या नियमांची पार्श्वभूमी

कृष्णेचं पाणी कुठून पुढे ‘जादा’ धरायचं, ही रेघ १९७३ साली बच्छावत लवादाने, म्हणजे राज्यांमधला पाणीतंटा सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाने, ओढली. ७८ वर्षांच्या नोंदी तपासून, शंभरातल्या ७५ वर्षी तरी मिळेलच असा येवा, म्हणजे नदीत येणारं पाणी, २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरला गेला. त्यातले महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८००. सिंचनातून नदीत परत झिरपणारं ७० टीएमसी मिळवल्यावर बेरीज २१३० झाली आणि महाराष्ट्राचा वाटा ५८५.

रेघेवरच्या पाण्यासाठी लवादापुढे दोन योजना होत्या. ‘अ’ योजनेत उरलेलं पाणी आंध्रने वापरायचं, मात्र त्यावर हक्क सांगायचा नाही. तुटीच्या वर्षी सर्वांत खालच्या राज्यालाच फटका बसतो, म्हणून ही सवलत. ‘ब’ योजनेत जादा पाण्याचा निम्मा भाग कर्नाटकाला, उरलेला महाराष्ट्र आणि आंध्रला समान. ती राबवायला खोरे प्राधिकरण हवं होतं आणि त्यासाठी राज्यांचं एकमत किंवा संसदेचा कायदा. दोन्ही झालं नाही. ‘ब’ योजना हा लवादाचा निवाडाच नव्हे, असं २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं.

प्राधिकरणाचा आग्रह योग्यच होता. जलवर्ष १ जून ते ३१ मे. ऑगस्टमध्ये सांडवे सुरू असताना वर्षाचा येवा रेघ ओलांडणार की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. दिवसभर ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग म्हणजे एक टीएमसी. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणातून दोन लाख क्युसेक सुटले तर एका दिवसात १७ टीएमसीहून अधिक पाणी खाली जातं. हिशेब लागेपर्यंत त्यातलं बरंचसं विजयवाड्याचं प्रकाशम बॅरेज ओलांडून समुद्राला मिळालेलं असतं. त्यामुळे कागदावर टक्के काहीही असोत, ज्याच्या धरणात जागा रिकामी, जादा पाणी त्याचं. आलमट्टीची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकाचा हट्ट याचसाठी. आणि धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या सांगलीची पुराची धास्तीही इथलीच: साठ्याचा नियम धरण भरून घ्या म्हणतो, पुराचा नियम जागा मोकळी ठेवा म्हणतो, आणि दोन्ही एकाच महिन्यात लागू होतात.

त्यानंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये ४७ वर्षांची सरासरी, २५७८ टीएमसी, पूर्ण वाटून टाकली. २१३० पर्यंतचे वाटे कायम. त्यावर शंभरातल्या ६५ वर्षी मिळेल अशा २२९३ पर्यंतचा टप्पा. उरलेल्या २८५ मधले महाराष्ट्राला ३५, कर्नाटकाला १०५, आंध्रला १४५. आंध्रच्या एकूण वाट्यातले १५० टीएमसी कॅरी-ओव्हर साठ्याचे, म्हणजे पुढच्या वर्षासाठी राखायचे. पण सरासरीएवढा येवा दरवर्षी येत नाही. वरची धरणं आधी भरतात, त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी हा राखीव साठा सर्वांत शेवटी भरतो. आंध्रची तक्रार इथे रास्त आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निवाडा राजपत्रात छापण्यास मनाई केली. २०१३ च्या पुढील अहवालात कर्नाटकाचे ४ टीएमसी आंध्रकडे गेले. २०१४ मध्ये तेलंगण वेगळं झालं आणि २०१५ मध्ये ८११ टीएमसीची आंध्रला ५१२ व तेलंगणाला २९९ अशी तात्पुरती फोड झाली. तिथेही भांडण पातळीचंच: श्रीशैलम धरणाची पातळी ८५४ फुटांखाली गेली की पोतिरेड्डीपाडूच्या दरवाजांतून आंध्रच्या रायलसीमेला पुरेसं पाणी ओढता येत नाही, आणि त्याच साठ्यावर तेलंगणाला वीज हवी असते. या दोन राज्यांच्या वाटपाचा विषय केंद्राने २०२३ मध्ये ब्रिजेशकुमार लवादाकडेच सोपवला.