पॅन ॲमच्या मागे उरलेले : एका बंद पडलेल्या विमानकंपनीच्या वस्तुसंग्रहाची पार्श्वभूमी

४ डिसेंबर १९९१ रोजी पॅन अमेरिकन वर्ल्ड एअरवेज ही अमेरिकी विमानकंपनी बंद पडली. जग तिला 'पॅन ॲम' म्हणून ओळखत होते. बार्बाडोसमधील ब्रिजटाउनहून मायामीला परतलेले 'क्लिपर गुडविल' हे बोइंग ७२७ विमान तिच्या प्रवासी सेवेतले अखेरचे ठरले. कंपनी संपली, पण तिची वेळापत्रके, मेन्यूकार्डे, बिल्ले, गणवेश, सामानाच्या चिठ्ठ्या आणि निळ्या पिशव्या जमवणे, त्यांची ओळख पटवणे आणि ती माहिती इतर संग्राहकांपर्यंत पोहोचवणे हे काम आजही चालू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ जुन्या आठवणींचा सोस वाटतो. प्रत्यक्षात या छंदाची मुळे कंपनी भरभराटीत असतानाच्या काळात आहेत आणि ती बऱ्याच अंशी कंपनीनेच रुजवली. तिच्या संचालकांच्या कागदपत्रांत ज्याची नोंद होण्याचे काही कारणच नव्हते, अशा कितीतरी गोष्टी आज या वस्तूंमुळेच कळतात.

१९२७ साली फ्लोरिडातील की वेस्ट आणि क्यूबातील हवाना यांच्यामधली जेमतेम दीडशे किलोमीटरची समुद्रपट्टी ओलांडून कंपनीची सेवा सुरू झाली, तेव्हा तिची मुख्य मिळकत प्रवाशांच्या भाड्यातून नव्हे, टपालाच्या सरकारी कंत्राटांतून येत होती. त्यामुळे तिच्या वस्तूंचे पहिले संग्राहक टपालप्रेमी होते, हे ओघानेच आले. नवा मार्ग उघडला की पहिल्या उड्डाणातून जाणारी पाकिटे आधीच तयार ठेवली जात. त्यांवर खास छाप उमटवला जाई आणि पोहोचल्या गावाचा शिक्का मागच्या बाजूला पडे. ४ फेब्रुवारी १९२९ रोजी प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी स्वतः विमान चालवून मायामीहून पनामाच्या कालव्याच्या टापूतील क्रिस्टोबलकडे टपाल नेले. अशा प्रसंगांची पाकिटे लोक वाचण्यासाठी नव्हे, ठेवण्यासाठीच पाठवत असत.

या परंपरेचा कळस २२ नोव्हेंबर १९३५ रोजी झाला. त्या दिवशी कॅप्टन एडविन म्युझिक यांच्या हाताखाली 'चायना क्लिपर' ही मार्टिन एम-१३० जातीची उडती नौका, म्हणजे पाण्यावरून उडणारे आणि पाण्यावरच उतरणारे विमान, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातून निघाली आणि होनोलुलू, मिडवे, वेक व ग्वाम या बेटांवर थांबे घेत २९ नोव्हेंबरला मनिलाला पोहोचली. या फेरीत प्रवासी नव्हते. टपालाचे मात्र एक लाख दहा हजारांहून अधिक नग होते. अमेरिकी टपाल खात्याने त्याच दिवशी २५ सेंटचे निळे तिकीट काढले. अर्ध्या औंसाला होनोलुलूपर्यंत २५, ग्वामपर्यंत ५० आणि मनिलापर्यंत ७५ सेंट असा दर होता. त्यामुळे पहिल्या फेरीतून मनिलाला गेलेले साधे पाकीट हाती घेतले की त्यावर बहुधा तीच तीन निळी तिकिटे ओळीने चिकटवलेली असतात, पुढे सॅन फ्रान्सिस्कोचा २२ तारखेचा आणि मागे मनिलाचा २९ तारखेचा शिक्का असतो. जहाजाला ज्या पल्ल्यासाठी काही आठवडे लागत, तो पल्ला सात दिवसांवर आला होता, आणि त्याचा पुरावा सामान्य माणसाला पाऊण डॉलरमध्ये मिळत होता.

या उडत्या नौकांच्या बाबतीत कागदाला जे महत्त्व आले आहे, त्यामागे एक दुःखद कारण आहे. एम-१३० जातीच्या तिन्ही प्रवासी नौका नष्ट झाल्या : 'हवाई क्लिपर' १९३८ साली पॅसिफिकवर बेपत्ता झाली, 'फिलिपीन क्लिपर' १९४३ साली कॅलिफोर्नियात कोसळली आणि 'चायना क्लिपर' १९४५ साली त्रिनिदादमध्ये अपघातात गेली. त्यानंतरच्या बोइंग ३१४ जातीच्या एकूण बारा नौका बांधल्या गेल्या होत्या. त्यांतलीही एकसुद्धा आज कोणत्याच संग्रहालयात नाही. ज्या विमानांनी पॅसिफिक आणि अटलांटिक महासागरांवरची नियमित सेवा सुरू केली, त्यांच्या अंतर्भागाचा अंदाज छायाचित्रे, माहितीपत्रके, मेन्यू आणि आसनांचे नकाशे यांवरूनच बांधावा लागतो. एरवी किरकोळ वाटणारे छापील चिटोरे इथे अभ्यासाचे साधन होते, आणि ते टिकले ते प्रवाशांनी आठवण म्हणून खिशात घातले म्हणून.

कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांना प्रतिमेचे भान पक्के होते. वैमानिकांना नौदलासारखा गणवेश, विमानांना 'क्लिपर' हे वेगवान शिडाच्या जहाजांचे नाव, प्रत्येक विमानाला स्वतंत्र नामकरण, ही सारी रचना विमानप्रवासाला सागरी प्रवासाची प्रतिष्ठा देण्यासाठी होती. २६ ऑक्टोबर १९५८ रोजी न्यूयॉर्क ते पॅरिस मार्गावर बोइंग ७०७ ची सेवा सुरू झाली आणि प्रवासी झपाट्याने वाढले. त्याआधीच, पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर, वास्तुरचनाकार एडवर्ड लॅराबी बार्न्स यांच्याकडून जुन्या पंखधारी चिन्हाच्या जागी वक्र रेघांचा निळा पृथ्वीगोल करून घेतला होता. हा गोल शेपटीवर, तिकिटावर, काड्यापेटीवर, पत्त्यांच्या जोडावर आणि खांद्याला अडकवायच्या पिशवीवर आला. यातल्या बहुतेक वस्तू विमानाबाहेर नेण्यासाठीच होत्या. पिशवी घेऊन फिरणारा प्रवासी ही कंपनीची फुकट जाहिरात होती, आणि लहान मुलांच्या छातीवर लावलेले पंखांच्या आकाराचे छोटे बिल्ले पुढच्या पिढीचा ग्राहक घडवत होते. मला वाटते, आज या वस्तू इतक्या मोठ्या संख्येने सापडतात त्याचे सर्वांत सरळ स्पष्टीकरण हेच आहे.

या प्रसिद्धीचे सर्वांत विलक्षण अपत्य म्हणजे चंद्रप्रवासाची ओळखपत्रे. १९६४ साली व्हिएन्नातील एका पत्रकाराने प्रवाससंस्थेकडे चंद्राच्या तिकिटाची मागणी केली. ती पॅन ॲमकडे गेली आणि कंपनीने ती गंभीरपणे नोंदवून घेतली. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राभोवती फिरून आल्यावर अशा मागण्यांचा पूर आला. १९७१ साली नोंदणी थांबवेपर्यंत ९३,००० हून अधिक लोकांची नावे 'फर्स्ट मून फ्लाइट्स' मंडळात दाखल झाली होती. सभासदत्वाला पैसे पडत नव्हते. प्रत्येकाला क्रमांक घातलेले कार्ड मिळे. या कार्डांकडे मी जाहिरातीची युक्ती म्हणून पाहू शकत नाही. एखाद्या कंपनीवर लोकांचा किती विश्वास असू शकतो, हे दाखवणारा याहून बोलका कागद मला माहीत नाही.

तो विश्वास पुढच्या वीस वर्षांत आटला. १९७३ च्या तेलसंकटाने इंधन महागले, नवी बोइंग ७४७ विमाने रिकामी धावू लागली आणि १९७८ च्या कायद्याने अमेरिकेतील विमानवाहतुकीवरचे सरकारी नियंत्रण उठल्यावर देशांतर्गत जाळे नसलेल्या पॅन ॲमची कोंडी झाली. मालमत्ता एकेक करून विकावी लागली : १९८१ साली न्यूयॉर्कमधील मुख्यालयाची इमारत, १९८५ च्या करारानुसार ७५ कोटी डॉलरना पॅसिफिकचे मार्ग, अखेरीस लंडनचे मार्ग. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर पॅन ॲमच्या विमानात झालेल्या बॉम्बस्फोटात २७० माणसे गेली आणि त्यानंतर कंपनी सावरली नाही. जानेवारी १९९१ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

याच काळात हा छंद संघटित होत होता. अमेरिकेत १९७७ साली विमानकंपन्यांच्या वस्तू जमवणाऱ्यांचा क्लब स्थापन झाला, आणि त्यातूनच आजची वर्ल्ड एअरलाइन हिस्टॉरिकल सोसायटी उभी राहिली. नियंत्रण उठल्यानंतर कंपन्या एकामागून एक बुडू लागल्या. १९८२ साली ब्रॅनिफ, १९९१ च्या जानेवारीत ईस्टर्न आणि त्याच वर्षअखेरीस पॅन ॲम. आजचे वेळापत्रक उद्या दुर्मीळ होऊ शकते, हे संग्राहकांना डोळ्यांदेखत दिसले, आणि जमवण्याला जतनाची निकड आली.

पॅन ॲम बंद पडल्यावर तिच्या अधिकृत दप्तराचे काय होणार, हा प्रश्न होता. जुन्या कर्मचाऱ्यांच्या आणि हितचिंतकांच्या पुढाकाराने १९९२ साली पॅन ॲम हिस्टॉरिकल फाउंडेशन उभे राहिले आणि कंपनीचे कागद मायामी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. हा साठा शेकडो पेट्यांचा आहे. त्यातील माहितीपत्रके, वेळापत्रके आणि कर्मचाऱ्यांसाठीची नियतकालिके विद्यापीठाने संगणकावर खुली केली आहेत. ट्रिप यांच्या कार्यालयातला भला मोठा पृथ्वीगोल स्मिथसोनियनच्या हवाई आणि अवकाश संग्रहालयाकडे आहे, तर न्यूयॉर्कजवळच्या गार्डन सिटीत पॅन ॲमचे स्वतंत्र दालन आहे. तरीही फार मोठा ऐवज घराघरांतच राहिला. हवाई सुंदरींचे गणवेश, प्रशिक्षणाच्या वह्या, सेवेबद्दल मिळालेले बिल्ले, दूरच्या स्थानकांवरचे गटफोटो हे कंपनीच्या मालकीचे नव्हते किंवा परत मागितले गेले नाहीत. माजी हवाई परिचारिकांची वर्ल्ड विंग्ज ही संघटना १९५९ पासून चालू असल्यामुळे या वस्तूंना निदान ओळखीची माणसे लाभली.

वस्तू दाखवणे आणि वस्तूची माहिती देणे यांत मोठे अंतर आहे. गणवेशाचे उदाहरण घ्या. १९६९ चा इव्हान-पिकोनचा, १९७५ चा इडिथ हेड यांचा आणि १९८० चा अडोल्फोचा, असे वेगवेगळ्या वेशरचनाकारांचे संच असल्यामुळे जाकिटावरून वर्षांचा पट्टा ठरतो. पण ते जाकीट कोणी, कोणत्या मार्गावर वापरले हे सांगणारी चिठ्ठी नसेल तर ते वस्त्रच राहते. वेळापत्रकाचे तसेच. पॅन ॲमचे उड्डाण १ पश्चिमेकडे जात आणि उड्डाण २ पूर्वेकडे जात पृथ्वीप्रदक्षिणा करत असे. जून १९४७ मध्ये सुरू झालेली ही सेवा १९८२ साली थांबली. या दोन रकान्यांची वर्षावर्षांची पाने शेजारी ठेवली की कोणता थांबा कधी आला, कधी गळला, विमान कोणते होते, आणि तारीख-रेषा ओलांडताना वार कसा बदलत होता, हे स्पष्ट होते. अशी तुलना एका माणसाच्या कपाटातून होत नाही. एकाकडे १९५४ चे पान असते, दुसऱ्याकडे १९६१ चे; ती एकत्र येतात तेव्हाच साखळी जुळते, म्हणून मुखपृष्ठाचे देखणे छायाचित्र देऊन आतली पाने वगळण्याची सवय मला फार नुकसानकारक वाटते.

छापील मजकुरावर आंधळा भरवसाही ठेवता येत नाही. ७४७ ची पहिली प्रवासी फेरी न्यूयॉर्कहून २१ जानेवारी १९७० च्या संध्याकाळी निघायची होती. इंजिन तापल्याने ठरलेले विमान बाजूला ठेवावे लागले, 'क्लिपर व्हिक्टर' या दुसऱ्या विमानाला त्याचे 'क्लिपर यंग अमेरिका' हे नाव देण्यात आले आणि लंडनकडे उड्डाण झाले ते मध्यरात्र उलटून २२ तारखेला. तेच 'क्लिपर व्हिक्टर' २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरील टकरीत नष्ट झाले. त्या दुर्घटनेत ५८३ जण मृत्युमुखी पडले. विमानांची नावे अशी बदलत असल्याने नावापेक्षा नोंदणी-क्रमांक महत्त्वाचा, हा संग्राहकांचा नियम अनुभवातून आला आहे. अपघातस्थळावरून उचललेल्या वस्तू मात्र स्मरणवस्तू मानू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लॉकरबीच्या बळींची कागदपत्रे आणि आठवणी सिराक्यूज विद्यापीठात जपल्या आहेत, आणि त्यांची जागा तीच आहे.

ओळख पटवण्यात आणखी एक अडचण आहे. पॅन ॲमचे नाव आणि चिन्ह १९९३ साली सुमारे तेरा लाख डॉलरना विकले गेले. १९९६ पासून त्याच नावाने इतर कंपन्यांनी काही वर्षे विमाने चालवली, आणि निळा गोल छापलेल्या नव्या पिशव्या परवाना घेऊन आजही विकल्या जातात. त्यात काही गैर नाही. पण नवी पिशवी साठच्या दशकातली म्हणून पुढे सरकली की पुढच्या अभ्यासकाची वाट चुकते. १९५० पूर्वी कंपनीच्या नावात 'वर्ल्ड' हा शब्द नव्हता, ही साधी गोष्टसुद्धा बरीच गफलत टाळते.

जमलेल्या साहित्यात एक मोठी उणीव राहिली आहे. मेन्यू, भित्तिपत्रके आणि पंख प्रवाशांच्या डोळ्यांनी पाहिलेली कंपनी दाखवतात. तळांवर काम करणारी माणसे त्यांत क्वचित दिसतात. वेक बेटावरच्या पॅन ॲमच्या हॉटेलात ग्वामच्या मूळ रहिवासी चामोरो समाजातले कामगार होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी हल्ला झाल्यावर 'फिलिपीन क्लिपर' कंपनीच्या गोऱ्या कर्मचाऱ्यांना घेऊन निघून गेली आणि ४५ चामोरो कामगार मागे राहिले. त्यांतले काही मारले गेले, उरलेले कैदेत पडले. १९५५ पासून कंपनीने जपानी वंशाच्या दुसऱ्या पिढीतल्या अमेरिकी तरुणींना हवाई परिचारिका म्हणून घेतले. त्यांचे कामही बराच काळ दुर्लक्षित होते. या माणसांचे वेतनपट, ओळखपत्रे, घरी लिहिलेली पत्रे आणि स्थानकांवरचे गटफोटो बाजारात फारशी किंमत आणत नाहीत, म्हणून ते आधी फेकले जातात. जुन्या कर्मचाऱ्यांची वये पाहता अशा फोटोंतील चेहऱ्यांना नावे देण्याचे काम चकचकीत भित्तिपत्रकांच्या आधी हाती घेतले पाहिजे, आणि ते घेताना फोटोची मागची बाजूही तितक्याच काळजीने टिपली पाहिजे, कारण तारीख, गाव आणि हुद्दा बहुतेक वेळा तिथेच लिहिलेला असतो.