कार्बनी सौर घट : कार्यक्षमता व टिकाऊपणा

ज्या सौर घटात प्रकाश शोषणारा थर सिलिकॉनसारख्या स्फटिकी अर्धसंवाहकाऐवजी कार्बनी रेणूंचा किंवा बहुवारिकांचा (पॉलिमरांचा, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा) असतो, त्याला कार्बनी सौर घट म्हणतात. हा थर सु. १०० नॅनोमीटर जाडीचा असून शाईप्रमाणे द्रावणातून लवचिक प्लॅस्टिकवर छापता येतो किंवा निर्वातात बाष्परूपाने बसविता येतो. वजनाला हलका, वाकणारा व हवा तर अर्धपारदर्शक असा हा घट असला, तरी टिकाऊपणात तो सिलिकॉनच्या घटाची बरोबरी करू शकलेला नाही. कार्यक्षमता व टिकाऊपणा हे त्याचे दोन वेगळे प्रश्न मानण्याची पद्धत आहे. पण दोन्हींची मुळे त्या एकाच पातळ थराच्या अंतर्रचनेत आहेत.

कार्याचे तत्त्व : सिलिकॉनमध्ये प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन व धन भार जवळजवळ मोकळे होतात. कार्बनी पदार्थांचा सापेक्ष विद्युत् अपार्यतांक (विरुद्ध भारांमधील आकर्षण पदार्थ किती कमी करतो त्याचे माप) ३ ते ४ इतकाच (सिलिकॉनचा सु. ११.७) असल्याने त्यांच्यात हे दोन भार जोडीने एकमेकांना धरून राहतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. तिची बंधन ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या काही दशांश इतकी असते. कोठी तापमानाची औष्णिक ऊर्जा मात्र सु. ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच असते, त्यामुळे ही जोडी आपोआप सुटत नाही. इलेक्ट्रॉन देणारा (दाता) व घेणारा (ग्राही) असे दोन पदार्थ जेथे भिडतात त्या सीमेवर ती फुटते. एक्सायटॉन विरून जाण्यापूर्वी बहुधा १० नॅनोमीटरच्या आसपासच अंतर कापतो, पण पुरेसा प्रकाश शोषण्यासाठी थर त्याच्या दसपट जाड लागतो. या पेचातूनच घटाच्या रचनेचा सारा इतिहास घडला.

मिश्रथराचा उगम : दोन कार्बनी थर एकावर एक ठेवून केलेला पहिला उल्लेखनीय घट ईस्टमन कोडॅक कंपनीच्या चिंग टँग यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तांब्याचे थॅलोसायनीन व पेरिलिनाचा एक अनुजात (त्यापासून बनविलेले संयुग) वापरला होता. त्याची कार्यक्षमता सु. १% भरली. सपाट सीमेजवळचेच एक्सायटॉन कामी येतात, हे त्यातून स्पष्ट झाले. दाता व ग्राही एकमेकांत मिसळून सीमा थरभर पसरवावी ही कल्पना प्रथम कोणाची, याबाबत एकमत नाही. ओसाका विद्यापीठात मासाहिरो हिरामोतो व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दोन रंगद्रव्यांचे एकत्र बाष्पीभवन करून त्यांच्या शुद्ध थरांमध्ये एक मिश्रथर बसविला होता. बहुवारिकाकडून फुलेरिनाकडे (कार्बन अणूंच्या पोकळ गोलाकार रेणूकडे) प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन अत्यंत त्वरेने जातो, असे १९९२ मध्ये सरिचिफ्ची, हीगर, वुडल इत्यादींनी दाखविले. ओसाकातीलच योशिनो यांचा गटही त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आला. १९९५ मध्ये केंब्रिजच्या रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने दोन बहुवारिकांच्या मिश्रणाचा, तर सँता बार्बरा येथील हीगर यांच्या गटाने बहुवारिक व फुलेरिनाचे अनुजात यांच्या मिश्रणाचा घट काही महिन्यांच्या अंतराने मांडला. पाठ्यपुस्तकांत बहुधा शेवटच्या गटाचेच नाव येते. द्रावणातून घडणाऱ्या मिश्रथराचे श्रेय १९९५ च्या दोन्ही गटांना द्यावे आणि मिसळण्याच्या मूळ कल्पनेचे हिरामोतो यांना, हे अधिक न्याय्य वाटते.

कार्यक्षमता : पॉलिथायोफीन वर्गातील बहुवारिक व फुलेरीन यांचे मिश्रण तापवून सावकाश थंड केले की बहुवारिकाच्या साखळ्या सुसंगत रचल्या जातात. या उपायाने २००५ च्या सुमारास ४ ते ५% मजल गाठता आली. फुलेरीन दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही व त्याच्या ऊर्जा पातळ्या हव्या तशा बदलता येत नाहीत, त्यामुळे प्रगती मंदावली. २०१५ मध्ये पीकिंग विद्यापीठातील झान शियाओवेई यांच्या गटाने फुलेरीनविरहित ग्राही (आयटीआयसी) मांडला. चांग्शा येथील झोउ यिंगपिंग यांच्या गटाचा वाय६ हा ग्राही २०१९ मध्ये आला, त्याने १५.७% कार्यक्षमता दिली. २०२० मध्ये १८% व २०२४ च्या सुमारास २०% चा टप्पा ओलांडला गेला. हे आकडे बहुधा एक चौरस सेंमी.पेक्षाही लहान घटांचे आहेत. छापील फलकांत ते बरेच खाली येतात. क्षेत्रफळ न देता सांगितलेला विक्रम म्हणूनच अपुरा समजावा.

ऱ्हास व त्यावरील उपाय : सर्वाधिक वीज देणारे मिश्रण हे ऊष्मागतिकीच्या दृष्टीने बहुधा स्थिर अवस्थेत नसते. द्रावक उडून जाताना ते अर्धवट विलग झालेल्या स्थितीत गोठलेले असते. उष्णता मिळाली, काही मिश्रणांत तर नुसता काळ गेला, तरी घटक वेगळे होत जातात. अंधारात, कोठी तापमानालाही असे विलगीकरण होऊन वीज घटते, हे एर्लांगेन येथील ब्राबेक यांच्या गटाने २०१७ मध्ये एका गाजलेल्या मिश्रणाबाबत दाखविले. वाय६ सारखे रेणू साखळीत गुंफून बहुवारिक ग्राही बनविणे हा त्यावरचा एक उपाय. मोठा रेणू सहज सरकत नाही. बीजिंगच्या ली योंगफांग यांच्या गटाने २०१७ पासून या दिशेने काम केले. मिश्रणात तिसरा घटक घालणे हाही मार्ग रुळला आहे. याउलट थराची रचना सुधारण्यासाठी वापरलेले डायआयोडोऑक्टेन मागे उरले, तर प्रकाशात त्याचे विघटन होऊन तेच थर बिघडवते.

रासायनिक ऱ्हासात प्रकाश व ऑक्सिजन यांची जोडी सर्वांत घातक ठरते. नव्या ग्राहींत मधला गाभा व टोकाचे गट ज्या दुहेरी बंधाने जोडलेले असतात, तोच कमकुवत दुवा होय. इलेक्ट्रॉन गोळा करणारा झिंक ऑक्साइडाचा थर जंबुपार (अतिनील) प्रकाशात उत्प्रेरकासारखा वागून नेमका तो बंध तोडतो. त्यामुळे जंबुपार किरण गाळणे, झिंक ऑक्साइडावर रेणूंचा एकेरी थर चढविणे किंवा त्याऐवजी टिन ऑक्साइड वापरणे, असे उपाय केले जातात. मिशिगन विद्यापीठातील फॉरेस्ट यांच्या गटाने २०२१ मध्ये अशाच संरक्षक थरांच्या बळावर ३० वर्षांहून अधिक आंगिक आयुष्याचा (बाहेरच्या हवामानाचा परिणाम वगळून घटाच्या स्वतःच्या आयुष्याचा) अंदाज दिला. तो तीव्र प्रकाशातील चाचण्यांवरून काढलेला असल्याने उघड्या छतावरील आयुष्य म्हणून वाचू नये.

जुन्या रचनेत पारदर्शक विद्युत् अग्रावर (इलेक्ट्रोडवर) पेडॉट-पीएसएस हे बहुवारिक असे. ते आम्लधर्मी व पाणी शोषणारे असल्याने अग्र झिजवते. वरचे कॅल्शियम-ॲल्युमिनियमही हवेत लवकर ऑक्सिडीभूत होते. चांदीचे अग्र वर ठेवणारी उलटी रचना त्यामुळे अधिक टिकते. बाष्प व ऑक्सिजन रोखणारे वेष्टन लागतेच, आणि लवचिक वेष्टनाचा खर्च छपाईत वाचलेल्या पैशाचा मोठा भाग खातो.

चाचणी : कार्यक्षमता सुरुवातीच्या मूल्याच्या ८०% वर येण्यास लागणारा काळ टी८० म्हणून नोंदवितात. पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत होणारी वेगवान घट वेगळी मोजतात. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळावेत म्हणून २०११ मध्ये आयसॉस ही संमत कार्यपद्धती प्रसिद्ध झाली. तीत अंधार, कृत्रिम प्रकाश, उघडे हवामान व तापमानाची चक्रे असे विभाग आहेत. ८५° से. व ८५% आर्द्रतेची चाचणी सर्वांत कसोटीची.

प्रत्यक्ष वापर : असे घट बनविणारी अमेरिकेतील कोनार्का ही कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. ड्रेस्डेनची हेलियाटेक कंपनी बाष्परूपाने बसविलेल्या लहान रेणूंच्या पट्ट्या तयार करते. जड फलक न पेलणारी छपरे व भिंती हे त्यांचे क्षेत्र होय. खोलीतील दिव्यांच्या मंद प्रकाशावर चालणारे संवेदक हा दुसरा वापर असून तेथे जंबुपार किरण नगण्य व उष्णता कमी असल्याने ऱ्हासही मंद होतो.