पीनियस: एका प्रजातीचे सहा तुकडे

टायगर आणि व्हॅनामी या दोन कोळंब्या एकाच प्रजातीतल्या (म्हणजे ‘जीनस’मधल्या, ज्यात अनेक जाती येतात) की वेगवेगळ्या, हे आपण कोणत्या साली छापलेलं पुस्तक उघडतो त्यावर ठरतं. 1758 च्या वर्गीकरणात कोळंब्या खेकड्यांबरोबर ‘कॅन्सर’ या एकाच प्रजातीत कोंबलेल्या होत्या. ‘पीनियस’ वेगळी निघाली 1798 मध्ये. टायगरचं ‘पीनियस मोनोडॉन’ हे नावही तेव्हाचंच, पण पुढे बराच काळ ते भलत्याच जातीला लावलं जात होतं. तो घोळ 1949 मध्ये निस्तरला.

खरी ठिणगी पडली 1997 मध्ये. तोवर ज्या उपप्रजाती म्हणून, म्हणजे पीनियसच्या आतले गट म्हणून चालत होत्या, त्यांना एका ग्रंथाने थेट प्रजातीचा दर्जा दिला आणि पीनियसचे सहा तुकडे झाले. टायगर पीनियसमध्येच राहिली. व्हॅनामी ‘लिटोपीनियस’मध्ये गेली, आपली पांढरी कोळंबी ‘फेनेरोपीनियस’मध्ये. आधार मुख्यतः बाह्य रचनेचा होता, त्यातही मादीच्या थेलिकमचा, म्हणजे शेवटच्या पायांमधल्या वीर्य स्वीकारणाऱ्या अवयवाचा. व्हॅनामीत तो उघडा असतो, नर वीर्याची पुडी अंडी सुटण्याच्या काही तास आधी वरच चिकटवतो. टायगरमध्ये तो बंद असतो; मादीने कात टाकली की लगेच पुडी आत जाते आणि तिथेच साठून राहते. हॅचरीत, म्हणजे कोळंबीची पिल्लं तयार करण्याच्या केंद्रात, काम करणाऱ्याला हा फरक पक्का ठाऊक असतो. पण तेवढ्यावर सहा प्रजाती करायची गरज होती का? उपप्रजाती होत्याच की!

कोळंबीशेतीच्या क्षेत्रातून उघड विरोध झाला. 2007 मध्ये तर ‘ही फेररचना नाकारण्याचा आम्हाला हक्क आहे’ अशा आशयाचा लेखच आला. डीएनएच्या अभ्यासांतही सहापैकी काही गट एका वंशाचे ठरेनात, आणि 2011 मध्ये सहा प्रजाती सोडून द्याव्यात अशी शिफारस झाली. जवळा या भांडणात कधी सापडला नाही, कारण त्याची ‘असेटिस’ प्रजाती 1830 पासून निराळीच आहे.

भारतात 2009 पासून व्हॅनामीला परवानगी मिळाली, ती नेमकी या धुमश्चक्रीत. त्यामुळे त्या काळच्या कागदपत्रांत ‘पीनियस व्हॅनामी’ आणि ‘लिटोपीनियस व्हॅनामी’ ही दोन्ही नावं सापडतात आणि जुने शोधनिबंध हुडकताना दोन्ही टाकून बघावी लागतात. आज सागरी जीवांच्या जागतिक नोंदवहीत पुन्हा ‘पीनियस व्हॅनामी’च मान्य आहे. मूळ प्रजाती बदलली की नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल कंसात टाकायचा नियम आहे. व्हॅनामीला नाव मिळालं 1931 मध्ये; लिटोपीनियसमुळे त्या सालाला लागलेला कंसही आता निघाला.