ग्लिसरॉलला करंट का लावतात? पार्श्वभूमी

हल्ली हायड्रोजनचा विषय निघाला की ग्लिसरॉल ऑक्सिडेशनचं नाव येतंच आणि ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी एकदम नवीन निघालंय. ऑक्सिडेशन म्हणजे रेणूतून इलेक्ट्रॉन काढणं; विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढताना ऑक्सिजन काढण्याऐवजी ग्लिसरॉलवर ते करायचं, अशी ही कल्पना. एकदम नवीन मात्र काही नाही, इलेक्ट्रोडचे धातू तेच, ग्लिसरॉलही तेच. बदललंय ते एवढंच की त्यातून आपल्याला काय हवंय.

ग्लिसरॉल म्हणजे थंडीत ओठ फुटले की लावतो ते ग्लिसरीनच. स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाला ते अठराव्या शतकाच्या शेवटी सापडलं, ऑलिव्ह ऑइल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवताना. गोड पातळ पदार्थ, बाकी फारसं महत्त्व नाही. मग 1847 ला तुरीनमध्ये सोब्रेरोने त्यापासून नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक केलं, 1867 ला नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं, आणि साबण करून उरलेल्या पाण्यातल्या या मालाला अचानक भाव आला. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी साखर आंबवून ग्लिसरॉल काढलं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बायका तळणीतली उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे नेऊन द्यायच्या, का तर त्यातलं ग्लिसरीन दारूगोळ्याला लागतं म्हणून! 1948 पासून शेल या तेल कंपनीने टेक्ससमध्ये ते पेट्रोलियममधल्या प्रॉपिलीनपासून बनवायला घेतलं, म्हणजे माल मिळत नाही म्हणून कारखाना काढायची वेळ आली होती.

आणि मग बायोडिझेल आलं. तेलाची मिथेनॉलशी रिॲक्शन केली की साधारण 10 किलो बायोडिझेलमागे 1 किलो ग्लिसरॉल पडतंच, तुम्हाला हवं असो नसो. बायोइंधनाला चालना देणाऱ्या 2003 च्या युरोपियन धोरणानंतर उत्पादन वाढत गेलं आणि ग्लिसरॉलचे भाव पार कोसळले. 2006 मध्ये डाऊ या केमिकल कंपनीने टेक्ससमधला आपला सिंथेटिक ग्लिसरॉलचा प्लांट बंद केला. गंमत पुढे आहे, प्रॉपिलीनवरून जाताना मध्ये बनणाऱ्या ज्या एपिक्लोरोहायड्रिन या रसायनापासून ग्लिसरॉल बनायचं तेच एपिक्लोरोहायड्रिन आता सॉल्वे कंपनी ग्लिसरॉलपासून बनवू लागली, सगळी गाडी उलटी फिरली.

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीवाले मात्र यात भावासाठी आले नव्हते. 1980-90 च्या काळात फ्रान्समध्ये प्वातिएला लामी, लेजे आणि मंडळी अल्कोहोलवर चालणाऱ्या फ्युएल सेलच्या (इंधनातून थेट वीज काढणाऱ्या सेलच्या) मागे होती; ग्लिसरॉलही एक अल्कोहोलच. त्यांचा हिशोब सरळ होता, ग्लिसरॉलचा एक रेणू पूर्ण जाळून कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेला तर 14 इलेक्ट्रॉन मिळतात. पण त्यासाठी कार्बन-कार्बन बंध तुटायला हवेत, आणि प्लॅटिनमवर ते तुटले की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊन पृष्ठभागाला घट्ट चिकटतो, कॅटॅलिस्ट, म्हणजे इथे प्लॅटिनम, पॉइझन होऊन निकामी होतो, करंट खाली येतो. त्यांच्या 1994 च्या पेपरमध्ये क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून, प्रॉडक्ट मोजलेत, ॲसिडमध्ये प्लॅटिनमवर कमी पोटेन्शियलला (इलेक्ट्रोडवरच्या कमी व्होल्टेजला) ग्लिसराल्डिहाइड, बेसमध्ये ग्लिसरेट, आणि सोन्यावर रेणू तुटून ग्लायकोलेट, फॉर्मेट. फ्युएल सेलच्या दृष्टीने हे सगळं अर्धवट जळलेलं. आज मात्र लोक याच अर्धवट जळलेल्या मालासाठी धडपडतायत.

सोन्याचा किस्सा वेगळाच. ॲसिडमध्ये ते जवळपास हलत नाही, पण बेसमध्ये टाका, भरपूर करंट. नेदरलँड्समधल्या लायडनच्या कोपर या संशोधकाच्या ग्रुपने 2011 ला याचं कारण बऱ्यापैकी मांडलं, अल्कोहोलचा पहिला प्रोटॉन काढायचं काम द्रावणातला बेसच करतो, धातूचा संबंध पुढच्या पायरीपासून. याच ग्रुपची 2010 ची पद्धत मला फार आवडते. इलेक्ट्रोडच्या अगदी जवळ एक बारीक टोक ठेवायचं, पोटेन्शियल हळूहळू वाढवत न्यायचं, त्या टोकातून थोडं थोडं द्रावण ओढून वेगवेगळ्या कुप्यांत जमा करायचं आणि नंतर एकेक कुपी एचपीएलसीत, म्हणजे क्रोमॅटोग्राफीच्या मशीनमध्ये, घालायची. म्हणजे कुठल्या पोटेन्शियलला काय बनलं ते थेट दिसतं, नुसता करंटचा आलेख बघून अंदाज बांधत बसायला नको.

2012 ला त्यांनी प्लॅटिनमवर बिस्मथ हा धातू बसवला. ग्लिसरॉलला तीन ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट, दोन कडेचे आणि एक मधला. एरवी कडेचे आधी जातात, बिस्मथ ती वाट अडवतो आणि मधला ऑक्सिडाइज होतो, मिळतं डायहायड्रॉक्सीॲसिटोन, म्हणजे डीएचए. उन्हात न बसता कातडी टॅन करायच्या क्रीममध्ये असतं ते. एरवी ते ग्लुकोनोबॅक्टर जिवाणूंकडून आंबवून घेतात आणि ग्लिसरॉलपेक्षा ते कितीतरी महाग.

हायड्रोजनचा संबंध इथे येतो. पाणी फोडताना खरा विजेचा खर्च ॲनोडवर (धन इलेक्ट्रोडवर) ऑक्सिजन काढण्यात, थिअरीत 1.23 व्होल्ट, प्रत्यक्षात त्याच्या बरंच वर, आणि तो ऑक्सिजन बहुतेकदा हवेतच सोडून देतात. त्याऐवजी ॲनोडला ग्लिसरॉल दिलं तर कमी व्होल्टेजला काम होतं, दुसऱ्या बाजूला कॅथोडवर हायड्रोजन तोच.

मग स्वस्त धातू शोधायला लोक निकेलकडे वळले. तेही जुनंच, इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांनी 1971 लाच बेसमध्ये निकेल ॲनोडवर अल्कोहोल ऑक्सिडाइज होतात हे दाखवलं होतं. पण निकेल जागं होतं ते त्याच्या पृष्ठभागावर निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइडचा थर बनल्यावर, साधारण 1.35 व्होल्टला, त्यामुळे विजेची बचत जाहिरातीत वाटते तेवढी नाही. वर बहुतेक ग्लिसरॉल तुटून फॉर्मेट होतं, 8 इलेक्ट्रॉन मिळतात खरे पण तीन कार्बनचा रेणू गेला.

सोनं, निकेल दोन्हीला बेस लागतो, आणि बेसमध्ये ॲसिड प्रॉडक्ट क्षार होऊन बसतं, ते सोडवायला परत ॲसिड ओता. डीएचए तर बेसमध्ये टिकतच नाही. शिवाय बायोडिझेल प्लांटमधलं कच्चं ग्लिसरॉल म्हणजे मिथेनॉल, साबण, क्षार सगळं मिसळलेलं, आणि पेपरमध्ये बहुतेकदा शुद्ध बाटलीतलं वापरलेलं. डीएचए हवं असेल तर ॲसिडमध्येच जावं लागतं, तिथे निकेल विरघळतं, सोनं काही करत नाही, म्हणजे फिरून परत महागडं प्लॅटिनम.