मान-व्हिटनी की विलकॉक्सन? आधी जोडी शोधा

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात शेती, नर्सिंग, शिक्षण किंवा समाजकार्य अशा विषयांत प्रबंध करणाऱ्या मुलांकडे माहिती थोडी असते आणि ती सरळ वागत नाही. बारा ऊस उत्पादक, वीस विडी कामगार बायका, एका शाळेतला एक वर्ग. त्यात एखाद्याचा एकरी उतारा बाकीच्यांच्या दुप्पट. अशा वेळी दोन सरासऱ्या ताडणारी टी-टेस्ट लावायला मन धजत नाही आणि गाइड सांगतात, नॉन-पॅरामेट्रिक लाव, म्हणजे आकडे ठरावीक आकारात पसरलेले आहेत असं न मानणारी चाचणी. सल्ला योग्यच आहे. पण पुढे दोन नावं समोर येतात, मान-व्हिटनी आणि विलकॉक्सन. दोन्हींत दोन रकाने, दोन्हींत आकड्यांच्या जागी क्रमांक, दोन्हींच्या शेवटी पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता). मग मैत्रिणीच्या थिसिसमध्ये जी होती तीच उचलली जाते. या निवडीबद्दल मला कळकळीनं लिहावंसं वाटतं, कारण उन्हातान्हात गावोगाव फिरून भरून आणलेले फॉर्म इथे एका चुकीच्या क्लिकनं वाया जातात.

घोळाला इतिहासही कारणीभूत आहे. फ्रँक विलकॉक्सन हे रसायनशास्त्रज्ञ, अमेरिकन सायनामिड कंपनीत काम करणारे. १९४५ साली त्यांनी अवघ्या काही पानांचा एक लेख लिहिला आणि त्यात दोन वेगळ्या पद्धती मांडल्या: एक सुट्या गटांसाठी, दुसरी जोडीनं आलेल्या आकड्यांसाठी. पहिली पद्धत त्यांनी सारख्या संख्येच्या गटांपुरती दिली होती. हेन्री मान आणि डोनाल्ड व्हिटनी यांनी १९४७ साली ती कमी-जास्त संख्येच्या गटांनाही लागू होईल अशी वाढवली. म्हणून आज पहिलीला मान-व्हिटनी यू टेस्ट म्हणतात, विलकॉक्सन रँक-समही म्हणतात. दुसरी ती विलकॉक्सन साइन्ड रँक. त्यामुळे नुसतं 'विलकॉक्सन लावली' एवढं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये तर दोन्हींसाठी आज्ञा एकच आहे. माहिती जोडीची आहे असं मुद्दाम सांगितलं नाही, तर ते गट सुटेच धरतं.

आता आकडे घेऊ. हे समजावण्यासाठी रचलेले आहेत, कोणाच्या शेतातले नाहीत. समजा चिकोडी तालुक्यातले सहा शेतकरी. पाटपाण्यावर त्यांचा उसाचा एकरी उतारा ३२, ३८, ४१, ४५, ५२ आणि ५८ टन होता. ठिबक बसवल्यावर त्याच सहा जणांचा, त्याच क्रमानं, ३५, ४२, ४६, ५१, ५९ आणि ६६ टन झाला.

माणसं तीच आहेत, म्हणून साइन्ड रँक. प्रत्येकाचा फरक काढायचा: ३, ४, ५, ६, ७, ८. चिन्ह बाजूला ठेवून लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक द्यायचे, १ ते ६, आणि मग चिन्हं परत लावायची. इथे सगळी चिन्हं अधिक आहेत, म्हणून अधिकची बेरीज २१, उणेची शून्य. ठिबकनं काहीच फरक पडत नसता, तर प्रत्येक फरक अधिक किंवा उणे पडण्याची शक्यता सारखीच असती. सहा फरकांची चिन्हं ६४ प्रकारे पडू शकतात. त्यांतल्या दोनच प्रकारांत सगळी चिन्हं एका बाजूला येतात. दोन भागिले चौसष्ट, म्हणजे पी सुमारे ०.०३.

आता हेच बारा आकडे मान-व्हिटनीत घाला. ती बाराही आकडे एका रांगेत लावते आणि १ ते १२ क्रमांक देते. पाटपाण्याच्या क्रमांकांची बेरीज ३३, ठिबकची ४५. ३३ मधून सहा क्रमांकांची लहानात लहान बेरीज २१ वजा केली की चाचणीचा आकडा, यू, येतो १२. सहा-सहाच्या गटांत पाच टक्क्यांच्या पातळीवर (म्हणजे पी ०.०५ हून कमी) फरक मान्य व्हायला यू ५ किंवा त्याहून कमी लागतो. पी येतो सुमारे ०.३९. आकडे तेच, पण एक चाचणी म्हणते फरक आहे, दुसरी म्हणते पुरावा नाही.

असं का होतं? शेतकऱ्या-शेतकऱ्यांत जमीन, विहीर, लागण, खत यांमुळे आधीच २६ टनांची तफावत आहे. ठिबकचा परिणाम ३ ते ८ टनांचा. सगळे एका रांगेत उभे केले की हा छोटा परिणाम त्या मोठ्या तफावतीत बुडून जातो. साइन्ड रँक प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्याच आधीच्या उताऱ्याशी ताडते, त्यामुळे जमिनीचा फरक आपोआप वजा होतो. (फक्त दोन हंगामांतल्या पावसाचा फरक ती वजा करू शकत नाही. त्यासाठी ठिबक न केलेले शेतकरीही अभ्यासात हवेत.)

उलटी चूक याहून घातक. समजा हेच बारा आकडे बारा वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे आहेत, सहा हुक्केरीचे पाटपाण्यावरचे आणि सहा अथणीचे ठिबकवरचे. शीटमध्ये दोन रकाने शेजारी-शेजारी, सहा-सहा ओळी. साइन्ड रँक लावली तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. ते पहिल्या ओळीतला हुक्केरीचा माणूस पहिल्या ओळीतल्या अथणीच्या माणसाशी जोडतं, दोघांची कधी भेटही झालेली नसताना. रकाने चढत्या क्रमानं लावलेले असले तर वरचंच ०.०३ मिळेल. आता अथणीचा रकाना ६६, ३५, ५९, ४२, ५१, ४६ अशा क्रमानं ठेवा. फरक होतात ३४, उणे ३, १८, उणे ३, उणे १, उणे १२. अधिकची बेरीज ११, उणेची १०. निष्कर्ष गायब! माहितीतला एकही आकडा बदललेला नाही, फक्त ओळी हलल्या.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगते: एक रकाना जागचा न हलवता दुसऱ्यातल्या ओळी हव्या तशा पिसल्या, तर काही अर्थ हरवतो का? हरवत असेल तर जोडी आहे, साइन्ड रँक घ्या. हरवत नसेल तर मान-व्हिटनी.

जोडी म्हणजे फक्त 'आधी-नंतर' असं मात्र नाही. खानापुरातल्या एकाच शेताच्या अर्ध्या भागात एक भाताचं वाण आणि अर्ध्यात दुसरं, ही जोडी. निपाणीत एकाच घरात विड्या वळणाऱ्या सासू आणि सून, हीही जोडी, माणसं दोन असली तरी. आपल्याकडे आणखी एक प्रकार वारंवार येतो. प्रश्नावली मराठीतही असते आणि कन्नडमध्येही. काहींनी मराठी फॉर्म भरला, काहींनी कन्नड, तर ते सुटे गट आहेत. दोन्ही भाषा येणाऱ्या त्याच माणसांनी काही दिवसांच्या अंतरानं दोन्ही फॉर्म भरले, तर जोड्या.

आरोग्य शिबिरांच्या अभ्यासात यातूनच एक पेच होतो. शिबिराआधी चाळीस बायकांनी फॉर्म भरले, नंतर त्याच चाळीस जणींनी, पण नाव लिहायचं नव्हतं. कोणता फॉर्म कोणाचा हे आता सांगता येत नाही. साइन्ड रँक शक्य नाही. मान-व्हिटनी गट एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं मानून चालते, आणि इथे ते स्वतंत्र नाहीत, म्हणून तीही हक्काची नाही. हे नंतर दुरुस्त होत नाही. फॉर्म छापण्यापूर्वीच एक खूण ठरवा, उदाहरणार्थ आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःच्या जन्माची तारीख. नाव गुप्त राहतं आणि जोडी जुळते.

नॉन-पॅरामेट्रिक म्हणजे कोणतीच अट नाही, हाही समज सोडा. साइन्ड रँक फरकांना क्रमांक देते, म्हणजे वजाबाकीला अर्थ असायला हवा, आणि फरक मध्याच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखे पसरलेले हवेत. 'अजिबात नाही' ते 'पूर्ण सहमत' अशा पाच पायऱ्यांच्या उत्तरांत १ वरून २ वर जाणं आणि ४ वरून ५ वर जाणं सारखंच, असं कोण म्हणेल? तिथे साधी साइन टेस्ट जास्त प्रामाणिक: किती जणींचं उत्तर वर गेलं, किती जणींचं खाली आलं, एवढंच मोजायचं. ही कल्पना फार जुनी आहे. जॉन अर्बथनॉट यांनी १७१० साली लंडनमधल्या बाप्तिस्म्यांच्या ८२ वर्षांच्या नोंदींवर, दरवर्षी मुलगे जास्त की मुली हे मोजत, ती वापरली होती. मान-व्हिटनीला मात्र नुसता क्रम पुरतो. पण दोन गटांचा पसारा वेगळ्या आकाराचा असेल तर ती मध्यकांची तुलना राहत नाही, हे ध्यानात ठेवा.

संख्येचंही भान हवं. पाचच जोड्या असतील, तर सगळे फरक एका बाजूला पडूनही दोन्ही बाजूंचा (वाढ आणि घट दोन्ही शक्यता धरून काढलेला) पी ०.०६२५ च्या खाली जात नाही. सुट्या गटांत तीन-तीन जण असतील तर तो ०.१ वर अडतो. म्हणजे फॉर्म भरायच्या आधीच उत्तर ठरलेलं. जोड्या किमान सहा हव्यात, गट किमान चार-चारांचे, आणि तेही अगदी टोकाचा फरक दिसला तरच पुरतील.

लिहिताना नुसता पी देऊ नका. वरच्या जोड्यांसाठी लिहा: सहाही शेतकऱ्यांचा उतारा वाढला, वाढीचा मध्यक ५.५ टन, विलकॉक्सन साइन्ड रँक, पी ०.०३. सुट्या गटांसाठी यूचा अर्थ थेट सांगता येतो. अथणीच्या प्रत्येकाला हुक्केरीच्या प्रत्येकाशी ताडलं तर ३६ तुलना होतात, त्यांतल्या २४ मध्ये अथणीचा उतारा जास्त. हे वाक्य शेतकऱ्यालाही वाचून दाखवता येतं, आणि व्हायवाला परीक्षकांनी 'यू १२ म्हणजे काय?' असं विचारलं तर उत्तर यातच आहे: उरलेल्या १२ तुलनांत हुक्केरी वरचढ आहे.