‘वनस्पतिजन्य’ धातू-नॅनोकण आणि बुरशी : पार्श्वभूमी

बुरशीवर धातू वापरणे जुनेच आहे. तांब्याचा अंश असलेल्या पाण्यात गव्हाच्या काणीचे बीजाणू रुजत नाहीत, हे फ्रान्समध्ये १८०७ मध्येच दिसले होते. १८८५ मध्ये बोर्दो परिसरात द्राक्षाच्या केवड्यावर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण पुढे आले. पण तांबे कुजत नाही, वर्षानुवर्षे मातीत साठते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत २८ किलो तांब्याची मर्यादा घातली. कमी धातूत काम भागवण्याची ओढ तिथून वाढली.

याआधीच, २००३-०४ मध्ये, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने जिरेनियम आणि कडुनिंबाच्या पानांच्या अर्काने चांदीचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, तयार केले होते. कृती सोपी : सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात अर्क घालायचा. रंग पिवळसर होत तपकिरीकडे झुकला की कण बनले. पुढच्या दोन दशकांत जवळपास हाताला येईल त्या पानाचा अर्क या कृतीत घालून पाहिला गेला.

गुंता आहे तो ‘वनस्पतिजन्य’ या शब्दात. त्यातून धातू झाडातून आला असे वाटते. प्रत्यक्षात धातू कारखान्यातल्या क्षारातून येतो. झाडातील पॉलिफिनॉल (पानांतली तुरट द्रव्ये), प्रथिने वगैरे त्याचे क्षपण करतात, म्हणजे क्षारातल्या धातूच्या आयनांना (विद्युतभारित अणूंना) इलेक्ट्रॉन देऊन त्यांचा धातू बनवतात, आणि कणाभोवती आवरण धरतात. हे आवरण खरेच महत्त्वाचे आहे, कण गोळा होऊ नयेत हे बरेचसे त्यावरच ठरते. पण पानाचे वय, हंगाम, अर्क काढण्याची रीत बदलली की आवरणही बदलते, त्यामुळे दोन बाटल्यांतले द्रव्य सारखेच असेल याची खात्री नाही. ‘जैविक’ हे लेबल तर माझ्या मते सरळ चुकीचे आहे. बुरशीच्या पेशीला इजा करण्यात सुटणाऱ्या चांदीच्या आयनांचा मोठा वाटा असतो, आणि चांदीचे ते आयन अर्काने सौम्य होत नाहीत.

म्हणून अशा कणांचा बुरशीवरचा परिणाम तपासताना तुलनेसाठी नुसता अर्क आणि तितक्याच चांदीचे नुसते सिल्व्हर नायट्रेट, दोन्ही शेजारी ठेवायलाच हवेत. अनेक अहवालांत हे दिसत नाही. अगारच्या (बुरशी वाढवण्याच्या जेलीच्या) बशीत बुरशीचे वर्तुळ किती आखडले एवढेच मोजलेले असते. पानावर ऊन, दव, पाऊस असतो, बशीत यातले काहीच नाही.

भारतात नॅनो कृषी-निविष्ठांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये आली. तेव्हापासून कणांचा आकार, स्थैर्य आणि विषारीपणा यांची माहिती उत्पादकाकडे मागता येते.