सुखवाद

माणसाला स्वतःखातर, म्हणजे दुसऱ्या कशाचे साधन म्हणून नव्हे, हवे असते ते केवळ सुख. बाकी सारे सुखाकरिता हवे असते, असे मानणारे मत. त्याचे दोन अर्थ वारंवार एकमेकांत मिसळतात. माणसे प्रत्यक्षात सुखाचीच इच्छा करतात, हा मानसशास्त्रीय सुखवाद. सुख हेच एकमेव स्वतोमूल्य (स्वतःच मोलाची गोष्ट) आहे, हा नैतिक सुखवाद. पहिल्यावरून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही. मात्र पहिला खरा ठरला, तर दुसऱ्याला विरोध करण्यात फारसे हशील उरत नाही. म्हणून वादाचा भर बहुधा पहिल्यावरच राहिला आहे.

पाश्चात्त्य परंपरेत या मताचा उगम उत्तर आफ्रिकेतील सायरीनी येथील ॲरिस्टिपस (सु. इ.स.पू. ४३५–३५६) या सॉक्रेटीसच्या सहवासातील विचारवंताशी जोडतात. तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजिनीझ लेअर्शिअस याने सायरीनी पंथाची मते ॲरिस्टिपसच्या अनुयायांची म्हणून दिली आहेत. परंतु ख्रिस्ती लेखक युसीबिअसने जपून ठेवलेल्या, तत्त्वज्ञ ॲरिस्टोक्लीझच्या उताऱ्यानुसार, थोरल्या ॲरिस्टिपसने अंतिम साध्याविषयी उघड सिद्धांत मांडलाच नव्हता. साध्याची व्याख्या केली ती त्याच नावाच्या त्याच्या नातवाने. हा नातू आई अरेटीकडून तत्त्वज्ञान शिकला, म्हणून त्याला ‘मातृशिक्षित’ म्हणत. सॉक्रेटीसचा शिष्य झेनोफन याने रंगवलेला थोरला ॲरिस्टिपस सुखासीन जीवनाची बाजू घेतो खरा, पण जीवनाची निवड वेगळी आणि सिद्धांत वेगळा. सुख ही मृदू गती व दुःख ही खडबडीत गती, ही पंथाची काटेकोर परिभाषा पुढच्या पिढीला अधिक शोभते. त्यामुळे सिद्धांत नातवाने मांडला, हा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. या पंथाच्या मते साध्य म्हणजे प्रत्येक सुटे सुख; ‘सुखी आयुष्य’ ही अशा सुखांची बेरीज असून ती त्या सुखांपायीच हवीशी वाटते. याच पंथातील ॲनिसेरिसने मात्र मित्रासाठी सोसलेले कष्ट निव्वळ उपयोगापोटी नसतात, असे मान्य केले. पंथाच्या भूमिकेला पडलेली ही पहिली मोठी भेग म्हणावी लागेल. एपिक्युरस (इ.स.पू. ३४१–२७०) याने सुखाचा कळस वेदनारहित शरीर व निश्चिंत मन यांत पाहिला.

सर्व प्राणी सुखाकडे धाव घेतात, म्हणून सुख हेच श्रेय, असा युक्तिवाद ॲरिस्टॉटलने ग्रीक गणिती युडॉक्ससच्या नावे नोंदवला आहे. ॲरिस्टॉटलचे स्वतःचे मत निराळे. दृष्टी, स्मृती, ज्ञान व सद्गुण यांतून काही सुख मिळाले नसते, तरी आपण ती पत्करली असती. आणि बालसुलभ आनंद कितीही मोठा असला, तरी जन्मभर लहान मुलाची बुद्धी घेऊन जगणे कोणी निवडणार नाही.

जेरेमी बेंथमने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सुख व दुःख या दोघांनाच मानवी वर्तनाचे धनी ठरवले. खरी चर्चा मात्र जॉन स्ट्यूअर्ट मिलच्या ‘सिद्धते’वर झाली. उपयुक्ततावादावरील (कृतीची योग्यता तिच्यातून निपजणाऱ्या सुखावरून ठरवणाऱ्या मतावरील) त्याचे लेख १८६१ मध्ये नियतकालिकात व १८६३ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. वस्तू दृश्य आहे याचा पुरावा एवढाच की लोक ती पाहतात. तसेच सुख इष्ट आहे याचा पुरावा एवढाच की लोक ते इच्छितात, असे मिल म्हणतो. जी. ई. मूरने १९०३ मध्ये या तुलनेवर कडाडून टीका केली: पाहता येणे ही शक्यता आहे, तर इष्ट असण्यात योग्यतेचा प्रश्न येतो. अंतिम साध्यांची नेहमीच्या अर्थाने सिद्धता देता येत नाही, हे मिलनेच आधी सांगून ठेवले होते, याकडे त्याचे समर्थक लक्ष वेधतात. ते रास्तच आहे. अधिक नाजूक दुवा पुढचा आहे. सद्गुण, पैसा, कीर्ती यांची इच्छा स्वतःखातर केली जाते, हे मिल कबूल करतो. त्याचे स्पष्टीकरण असे की, आरंभी साधन असलेल्या या गोष्टी साहचर्याने सुखाचा ‘भाग’ बनतात. पण इच्छिलेली प्रत्येक गोष्ट सुखाचा भाग मानली, तर सुख ही विशिष्ट अनुभूती राहत नाही आणि सिद्धांत अबाधित राहतो तो केवळ रिकामा झाल्यामुळे.

या अडचणीचे मूळ जोसेफ बटलरने १७२६ च्या प्रवचनांत दाखवले होते. इच्छा पुरी झाल्यावर समाधान मिळते, यावरून इच्छा समाधानाचीच होती असे ठरत नाही. उलट त्या वस्तूची ओढ आधी नसती, तर ती मिळून समाधानही झाले नसते. हेन्री सिज्विकने (१८७४) यातूनच निघणारा विरोधाभास मांडला: सुखाचा थेट पाठलाग करणाऱ्याच्या हाती ते कमी लागते. सिज्विक स्वतः नैतिक सुखवादीच राहिला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

भारतीय परंपरेत लोकायतांकडे, म्हणजे चार्वाकांकडे, हे मत दिले जाते. पण प्रचलित वर्णन मुख्यतः माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहासारख्या प्रतिपक्षी संकलनांवर आधारलेले असल्याने ते जपून घ्यावे. न्यायदर्शनात अपवर्ग (मोक्ष) म्हणजे दुःखाची आत्यंतिक निवृत्ती. मोक्षात नित्यसुख मानण्यास न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचा विरोध आहे, तर नैयायिक भासर्वज्ञ ते मानतो. गीतारहस्यात (१९१५) लोकमान्य टिळकांनी आधिभौतिक सुखवादाचे स्वतंत्र प्रकरणात खंडन केले आहे.

विसाव्या शतकात रॉबर्ट नोझिकने (१९७४) हवे ते अनुभव देणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. त्यात कायमचे शिरण्यास आपण कचरतो, म्हणजे अनुभवापलीकडचेही काही आपल्याला मोलाचे वाटते, असा त्याचा निष्कर्ष. फेलिपे दि ब्रिगार्डने २०१० मध्ये प्रश्न उलटा विचारला: तुम्ही आधीपासूनच यंत्रात आहात, बाहेर याल का? तेव्हा अनेकांनी आत राहणे पसंत केले; म्हणजे मूळ उत्तरात चालू स्थिती न सोडण्याच्या वृत्तीचाही वाटा असावा. डॅनिएल बेंजामिन व सहकाऱ्यांच्या २०१२ मधील पाहणीत, जास्त पगार की जास्त झोप अशा काल्पनिक पर्यायांतून लोकांनी बहुधा तेच निवडले, ज्याने आपण अधिक सुखी होऊ असे त्यांना वाटत होते. जेथे निवड व अपेक्षित सुख यांत फरक पडला, तेथे जीवनाचे प्रयोजन, स्वतःच्या आयुष्यावरील ताबा, कुटुंबाचे सुख आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचे पारडे जड ठरले.